हँग-नोंदवही

माझा कंप्युटर उत्तम चालत होता, हे आधीच नोंदवून ठेवतो. कारण पुढे जे रामायण घडलं (आणि ते खरोखरच एका रॅमपासून सुरू झालं) त्यात ही गोष्ट सगळे विसरले. उत्तम म्हणजे कसा, तर सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा उकळून, गाळून, कप घेऊन टेबलाशी येईपर्यंत तो जागा होत असे. आम्हा दोघांनाही उठायला सारखाच वेळ लागतो, त्यामुळे आमचं बरं जमत होतं.

त्यावर मला फार काही करायचंही नसतं. पत्ते खेळायचे, बातम्या वाचून चिडायचं आणि रविवारी अकरा वाजता लेकीशी बोलायचं. खरं सांगायचं तर आठवड्याचे उरलेले दिवस म्हणजे त्या अकराची पूर्वतयारी. लेक विमानाच्या अंतरावर राहते. तिची आई गेली तेव्हा आली होती, त्यानंतर दीड वर्षात आली नाही. घरात बोलणारा मी एकटा. भिंतीवरचं घड्याळ टोले देतं, पण त्याला संभाषण म्हणता येणार नाही.

तर एका रविवारी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही तुकड्यातुकड्यांत दिसताय. कान एकीकडे, चष्मा भलतीकडे. मेमरी वाढवून घ्या ना."

"माझी?"

"कंप्युटरची हो. रॅम म्हणतात त्याला."

"अगं, चाललंय की."

"मला तुमचा चेहरा नीट दिसत नाही," ती म्हणाली.

आता हे वाक्य कुठल्या बापाने नुसतं ऐकून घ्यावं? सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर उभा होतो.

दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणतात. पन्नाशीचा माणूस, चष्मा कायम कपाळावर, आणि मशीन उघडलं की आधी "हं" म्हणायची सवय. तो "हं" ऐकूनच अर्धे लोक नवीन मशीन घेतात, असं ऐकिवात आहे. डॉक्टर घरी आले, त्यांनी डब्याची बाजू उघडली, आत वाकून "हं" म्हणाले आणि मला समजावून सांगितलं, "काका, आत दोन खाचा आहेत. एकीत जुनी पट्टी आहे, दुसरी रिकामी. रिकाम्या जागी नवी बसवू. जुनीही राहील, नवीही राहील. दोघी मिळून काम करतील."

या कल्पनेला मी तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी होती. एका ऑफिसच्या आवक-जावक विभागात, म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या पत्रांच्या नोंदीत, मी चौतीस वर्षं काढली आहेत. जुना कारकून आणि नवा कारकून एका टेबलावर बसवले की काम दुप्पट होत नाही, थांबतं. पण डॉक्टरांचा आत्मविश्वास पाहून मी गप्प बसलो आणि नवी पट्टी जुनीच्या शेजारी खट्कन बसली.

पाच दिवस दृष्ट लागावी असे गेले. बटण दाबून चहा टाकायला निघतो न निघतो तोच हा जागा होऊन माझी वाट बघत बसलेला. मला थोडा अपमानच वाटला. रविवारी अकराला लेकीचा चेहरा पडद्यावर आला तो इतका स्पष्ट, की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही मला दिसली. "बाबा, किती छान दिसताय," ती म्हणाली. "केस कापा पण." तब्येत झाली, हवा झाली, तिच्या ऑफिसातला सतत शिंकणारा माणूस झाला. मग मी आमचा नेहमीचा प्रश्न विचारला, "मग, कधी येतेस?"

लेक तोंड अर्धवट उघडं ठेवून बघत राहिली. मला वाटलं, विचार करतेय. प्रश्न तसा अवघड होता, म्हणून मी तिला चांगली चार मिनिटं विचार करू दिला. मधे मी खोकलो, चष्मा पुसला. मग लक्षात आलं की कोपऱ्यातलं घड्याळ अकरा वाजून नऊ मिनिटांवरच आहे आणि माऊस फिरवला तरी बाण जागचा हलत नाही. मशीन हँग झालं होतं. म्हणजे चार मिनिटं मी एका फोटोच्या उत्तराची वाट बघत बसलो होतो.

तिथून पुढे ते केव्हाही हँग होऊ लागलं. पत्त्यांचा डाव जिंकायला आलो की हँग. बातमी वाचून चिडायच्या ऐन क्षणी हँग. आमचे साहेब म्हणायचे, ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही. मी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हँग-नोंदवही'. रकाने असे: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, त्या वेळी काय चालू होते, माऊस हलतो किंवा कसे, आणि शेवटी शेरा. पहिली नोंद त्या रविवारची केली. शेऱ्याचा रकाना मी रिकामाच ठेवला. शेरा साहेब मारतात, कारकून नाही. आता साहेब कुठून आणायचा हा प्रश्न होता, पण म्हणून शिस्त मोडायची नसते.

नोंद क्रमांक चारच्या सुमारास समोरच्या दारातले इंजिनिअर आले. त्यांची सगळी हयात पाण्याच्या पंपांत गेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ त्यांच्या मते एकच. "उष्णता," ते डब्याला हात लावून म्हणाले. "हे बघा, तापलंय. श्वास कोंडलाय त्याचा." त्यांनी डब्याची बाजू काढून भिंतीला टेकवून ठेवली, माझा टेबलफॅन उचलून आणला आणि त्याचं तोंड डब्याच्या पोटाकडे केलं. पंखा सुरू झाल्याबरोबर माझ्या खुर्चीमागचं कॅलेंडर फडफडायला लागलं, टेबलावरचे कागद उडाले आणि मला शिंका सुरू झाल्या. मशीन अर्ध्या तासाने पुन्हा हँग झालं. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हे. पण इंजिनिअर रोज सकाळी "पंखा चालू आहे ना?" असं विचारून जात, आणि रोज मला काहीतरी विचारणारा दुसरा कुणी नव्हता. मी पंखा बंद केला नाही.

मग वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी तरी लहान असतील, पण सगळे त्यांना काकूच म्हणतात. त्यांनी मशीनकडे पाहिलंच नाही. घरभर नजर फिरवली, खिडकीतल्या कुंडीतली माती बोटाने चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही त्या मशीनशी बोलता का?"

"मी? छे."

"नाही, वर ऐकू येतं. काल म्हणत होतात, आता काय झालं राजा, मघाशी तर बरा होतास."

"मी त्याला सूचना देत होतो," मी म्हणालो. माणसाने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी स्वतःच्या घरात कुणाला राजा म्हणावं यावर वरच्या मजल्याचं नियंत्रण असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काकू "बरं बरं" म्हणाल्या. जाताना कुंडीला पाणी घालून गेल्या.

नव्या पट्टीची हमी होती, म्हणून कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग थोडं संगीत. मग पुन्हा तीच बाई, तेच वाक्य. ते रेकॉर्ड केलेलं आहे हे मला कळत होतं. तरी अठरा मिनिटं मी फोन ठेवला नाही, कारण मी महत्त्वाचा आहे असं इतक्या सातत्याने बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. एकोणिसाव्या मिनिटाला खरा माणूस आला आणि म्हणाला, मशीन घेऊन या.

डबा चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. काउंटरवर एक कडक बाई. त्यांनी फॉर्म दिला, मी भरला. त्यांनी तो परत दिला, कारण मी निळ्या शाईने भरला होता. काळ्या शाईने पुन्हा भरला. मग त्या म्हणाल्या, "बिघाड आमच्यासमोर व्हायला हवा."

"म्हणजे?"

"म्हणजे ते इथे हँग झालं पाहिजे. मगच तक्रार दाखल होईल."

आयुष्यभर मीही लोकांना असंच सांगत आलो होतो. पत्र गहाळ झालं असेल तर गहाळ पत्राची प्रत जोडा, असं मी एकदा एका गृहस्थांना म्हणालो होतो, तेही अगदी गंभीरपणे. ते गृहस्थ मला त्या काउंटरसमोर लख्ख आठवले. मशीन तिथे तीन तास चालू ठेवलं. ते नव्या नवरीसारखं गुणाने वागलं. मी मुद्दाम पत्ते उघडून जिंकायला आलो, तरी नाही. सरळ जिंकून दिलं मला. बाईंनी फॉर्मवर लिहिलं, 'बिघाड: निरंक'. निरंक म्हणजे काही नाही, शून्य. आमच्या खात्याचा आवडता शब्द, मी तो हजारो वेळा लिहिलेला. आपल्या अंगावर आल्यावर तो एवढा लागतो हे माहीत नव्हतं.

बाईंना माझी दया आली असावी. "घरीच होतं का हे?" त्यांनी विचारलं. "घरी काही वेगळं आहे का?"

"घरी कुणी नाही," मी म्हणालो.

"नाही, मी विजेचं विचारतेय."

मी चादर घट्ट बांधली आणि घरी आलो. उंबरठ्याच्या आत आल्यावर बाराव्या मिनिटाला मशीन हँग झालं. नोंद क्रमांक अकरा.

शेवटी डॉक्टर पुन्हा आले. कागद उडत होते, कॅलेंडर फडफडत होतं, मी शिंकत होतो. त्यांनी सगळा देखावा पाहिला आणि एक लांब "हं" टाकला. मग दोन्ही पट्ट्या काढल्या, खिशातून लहान मुलांच्या दप्तरात असतं तसलं खोडरबर काढलं आणि पट्ट्यांच्या पिवळ्या दातांवर घासलं. एक घातली, दुसरी घातली, आलटून पालटून बघितलं. "काका, दोघी एकेकट्या चांगल्या आहेत," ते म्हणाले. "एकत्र नांदत नाहीत. जुनी काढतो." मला हे पहिल्या दिवशीच माहीत होतं, पण मी बोललो नाही. जुनी पट्टी मी मागून घेतली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली, बायकोच्या चष्म्याच्या घरात. नऊ वर्षं काम केलं होतं त्या पट्टीने, निरोपसमारंभ नाही तर निदान जागा तरी.

त्या दिवसापासून आठवडाभर हँग निरंक. पत्ते जिंकलो, हरलो, बातम्यांवर मनसोक्त चिडलो. आणि रविवारी अकरा वाजून चौदा मिनिटांनी लेक थिजली. ये रे माझ्या मागल्या. पुढच्या रविवारी पुन्हा, अकरा एकवीसला. त्याच्या पुढच्या रविवारी अकरा सतराला. मी तिन्ही नोंदी केल्या आणि सोमवारी सकाळी वही काखेत मारून दुकानात गेलो, डॉक्टरांना घेऊनच आलो.

त्यांनी मशीनला हात लावला नाही. चष्मा कपाळावरून नाकावर आणला, वही उघडली आणि बोट ठेवून वाचायला लागले. माझी वही कुणीतरी शेवटपर्यंत वाचावी असं चौतीस वर्षांत प्रथमच होत होतं, म्हणून मी चहा टाकला.

"काका," ते म्हणाले, "वरचे अकरा हँग माझे. खालचे तीन माझे नाहीत."

"म्हणजे कसं?"

"वरच्या अकरांत तुम्ही लिहिलंय, माऊस हलत नाही. घड्याळ थांबलं. खालच्या तीनांत माऊस हलतो. घड्याळ चालू. मशीन चालू आहे काका. फक्त ताईंचं चित्र थांबलंय."

"मग?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग माऊसच्या अलीकडच्या रकान्याकडे बघितलं. "तिकडचं नेट असेल," ते म्हणाले. "मला काय तिकडचं कळत नाही." आणि नेहमी दोन घोट घेऊन पळणारा हा माणूस त्या दिवशी बसून पूर्ण कप चहा प्यायला.

ते गेल्यावर मी तो रकाना वाचला. 'त्या वेळी काय चालू होते.' क्रमांक बारा: कधी येतेस असे विचारले. क्रमांक तेरा: कधी येतेस असे विचारले. क्रमांक चौदा: वरीलप्रमाणे. माझ्याच अक्षरात, काळ्या शाईत. घोडं इथे पेंड खात होतं, आणि मी त्याचा शोध मदतकेंद्रात, पंख्यात आणि पट्टीच्या दातांत घेत होतो. मग मी क्रमांक एक काढून पाहिला. त्या दिवशीही तोच प्रश्न होता. तो हँग मात्र खरा होता. म्हणजे ही युक्ती लेकीला माझ्याच मशीनने शिकवली होती.

तरी एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये आणि तीन नोंदींवरून घाई करू नये. पुढच्या रविवारी मी तयारीने बसलो. तब्येत झाली, हवा झाली, शिंकणारा माणूस झाला. अकरा एकोणीसला मी म्हणालो, "मग, कधी येतेस?"

लेक थिजली. ओठ किंचित उघडे, नजर थोडी खाली. मी माऊस हलवला, बाण हलला. तिच्या मागच्या खिडकीचा पडदा हळूच आत आला आणि पुन्हा बाहेर गेला. चित्र फार सुंदर दिसत होतं, त्यासाठीच तर नवी मेमरी घेतली होती. तिने आवंढा गिळला तोही मला दिसला.

मला राग आला आणि वाईट वाटलं, दोन्ही एकदम. लहानपणी ती अशीच पडद्यामागे लपायची, पाय बाहेर दिसत असायचे, आणि मी सगळ्या घरभर "कुठे गेली बुवा" करत हिंडायचो. मी कॅमेऱ्याकडे बघून मोठ्याने म्हणालो, "अरेच्चा, परत हँग झालं वाटतं. डॉक्टरांना सांगायला हवं." आणि मीच बंद केलं.

तो आठवडा लांबला. मशीन एकदाही अडकलं नाही, त्यामुळे कुणाला बोलवायचं कारण नव्हतं. इंजिनिअर पंख्याची चौकशी करून गेले तेवढंच. मी मशीनशीही बोललो नाही. गुरुवारी काकू स्वतः खाली आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बरे आहात ना भाऊ? आवाज नाही आला."

रविवारी मी ठरवून बसलो होतो की विचारायचं नाही. अकरा वीस झाले, अकरा तीस झाले. मी तिला काउंटरवरच्या बाईंची गोष्ट सांगितली, काळ्या शाईची, चादरीची. ती पोट धरून हसली. अकरा पन्नास. इतकं आम्ही कितीतरी महिन्यांत बोललो नव्हतो. मग बोलता बोलता ती थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "आज तुम्ही विचारलं नाहीत."

याची तयारी मी केली नव्हती. "काय?" म्हटलं असतं तर तिला ते बोलून दाखवावं लागलं असतं. "हो" म्हटलं असतं तर पुढचं मला बोलावं लागलं असतं. मी होतो तसा थांबलो. तोंड अर्धवट उघडं, चष्म्याकडे निघालेला हात वाटेतच. श्वासही जपून घेतला. साहेबांच्या केबिनमध्येही मी कधी इतका निश्चल उभा राहिलो नव्हतो.

ती बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या मागचं कॅलेंडर हलतंय."

मी हात खाली घेतला. "पडदा तुझाही हलतो," मी म्हणालो.

ती हसायला लागली आणि हसता हसता ते हसू कुठेतरी वळलं. तिने तोंड ओंजळीत घेतलं. मी माऊसला हात लावला नाही.

"दोनदा रजा मंजूर झाली होती, बाबा," ती म्हणाली. "दोनदा मीच रद्द केली. मी मनात येते हो घरी. जिना चढते. दारापर्यंत येते. बेल वाजवली की आई यायची ना, हात पुसत. आता बेल वाजवली की तुम्ही उघडाल. तिथे आले की पुढे जाताच येत नाही मला. मी खरंच हँग होते."

मी दार काही वाईट उघडत नाही, असं म्हणावंसं मला वाटलं. पण ती म्हणत होती ते मला कळलं होतं. या घरात बेल वाजली की अजूनही मी क्षणभर आतल्या पावलांची वाट बघतो आणि मगच उठतो.

"मग बेल वाजवू नकोस," मी म्हणालो. "मी दार उघडंच ठेवीन."

"उघडं?"

"सताड. तू सरळ आत ये. मी इथे टेबलाशीच असेन, पाठमोरा. पत्ते खेळत."

"आणि काकू विचारतील, दार का उघडं म्हणून."

"विचारू दे. त्यांना वर सगळं ऐकू येतंच."

कधी, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बारा वाजून चार मिनिटांनी तिने "बाबा, ठेवते" म्हटलं आणि खरोखरच ठेवलं. मी वही काढली, दिनांक घातला, वेळ घातली. संभाषण: एक तास चार मिनिटे. माऊस: हलतो. हँग: निरंक. शेवटचा रकाना पहिल्या पानापासून रिकामा होता. मग साहेब कुणी येणार नाही असं पाहून शेरा मीच मारला: दार उघडे ठेवणे.